पाणी ठेवायचे कुठे?

गच्चीच्या कठड्यालगत मी एक साधा पर्जन्यमापक ठेवला आहे. वर नरसाळे, खाली मिलिमीटरच्या खुणा असलेली नळी, एवढेच ते उपकरण. रोज सकाळी ठरलेल्या वेळी नळीतले पाणी वाचायचे, आकडा वहीत लिहायचा, नळी उपडी करून पुन्हा जागेवर ठेवायची, हा उद्योग गेली अनेक वर्षे चालू आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे गणित एकदा डोक्यात बसले की पावसाकडे पाहण्याची नजरच बदलते. शंभर चौरस मीटरच्या छतावर वीस मिलिमीटरची एक सर पडली, तर दोन हजार लिटर पाणी अर्ध्या तासात आपल्या समोरून गटारात निघून गेलेले असते, आणि त्यानंतर आपण पाण्याच्या टंचाईविषयी बोलायला मोकळे.

बरीच वर्षे मी वहीतली फक्त वार्षिक बेरीज पाहत असे. ती थोडीफार वर-खाली होते, पण डोळ्यांत भरावे असे तिच्यात काही नव्हते. एकदा सहज म्हणून मी बेरजेऐवजी पावसाचे दिवस मोजले आणि दोन पावसांमधले कोरडे दिवस मोजले, तेव्हा मात्र त्याच वहीतून निराळेच चित्र निघाले : बेरीज तीच, पण ती थोड्या दिवसांत उरकलेली आणि मधली खिंडारे रुंदावलेली. एका माणसाच्या वहीने हवामानाविषयी काहीही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तीस-तीस वर्षांच्या आणि शेकडो केंद्रांच्या नोंदींशिवाय त्या विषयात तोंड उघडू नये. पण वहीत जे धूसर दिसले त्याचे कारण भौतिकशास्त्र अगदी स्पष्टपणे सांगते. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि अतिवृष्टीचा जोर साधारण याच दराने वाढतो. मात्र जगभरातला एकूण पाऊस दर अंशामागे फक्त १ ते ३ टक्क्यांनी वाढतो. या दोन आकड्यांमधल्या फरकातच सगळी गोम आहे. मोठ्या सरी जर ७ टक्क्यांनी फुगणार असतील आणि एकूण रक्कम मात्र तेवढी वाढणार नसेल, तर ती भरपाई कुठून तरी व्हायलाच हवी, आणि ती होते ती हलक्या, भिजपावसाच्या दिवसांतून व कोरड्या दिवसांच्या लांबीतून.

म्हणून मला असे वाटू लागले आहे की हवामानबदलाच्या काळातील पाण्याचा प्रश्न हा पाणी किती आहे यापेक्षा ते कधी येते आणि आल्यावर कुठे ठेवायचे, याचा आहे. धरण, भूजल, बर्फ, माती, दलदल, शहराखालचे नळ आणि सांडपाण्याचे कारखाने या सगळ्यांकडे साठवणुकीच्या जागा म्हणून पाहिले की त्यांची तुलना करता येते, आणि मग कोणती जागा आपण गमावत आहोत, कोणती फुकट घालवत आहोत हे दिसू लागते.

गमावत असलेली जागा सर्वांना माहीत आहे, तेव्हा तिच्याविषयी थोडक्यात. डोंगरावरचा बर्फ हा हिवाळ्यातले पाणी उन्हाळ्यापर्यंत विनामूल्य राखून ठेवणारा साठा असतो. तापमान वाढले की बर्फाऐवजी पाऊस पडतो, आणि पडलेला बर्फ लवकर वितळतो, त्यामुळे नदीत तेच पाणी गरजेच्या कितीतरी आठवडे आधी येऊन जाते. हिमनद्यांच्या बाबतीत आणखी एक फसवी गोष्ट घडते : त्या वितळत असताना काही दशके नदीचे पाणी वाढते, लोक त्या वाढीव पाण्यावर शेती आणि वस्ती वाढवतात, आणि मग साठा संपत आला की प्रवाह उतरणीला लागतो. बोलिव्हियातील चाकालताया ही हिमनदी २००९ मध्ये पूर्णपणे नाहीशी झाली. एके काळी तिच्यावर घसरगुंडीच्या खेळाचे केंद्र होते.

आता सरासरीकडे वळतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. पाण्याचे जवळजवळ सगळे नियोजन एका गृहीतकावर उभे असते : नदीचे वागणे ठरावीक मर्यादेत हेलकावते, आणि मागच्या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून पुढची पन्नास वर्षे ओळखता येतात. धरणाची उंची, सांडव्याची रुंदी, पुलाखालची मोकळी जागा, गटाराचा व्यास, सगळे याच हिशोबाने ठरते. २००८ साली पी. सी. डी. मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे गृहीतक आता मेले असल्याचे जाहीर केले, तेव्हा जलशास्त्रात बरीच खळबळ झाली. पण ते गृहीतक किती महाग पडू शकते याचे उदाहरण त्याच्या किती तरी आधीपासून डोळ्यांसमोर होते.

ते उदाहरण कोलोरॅडो नदीचे. १९२२ साली अमेरिकेतील सात राज्यांच्या प्रतिनिधींनी या नदीच्या पाण्याची वाटणी केली. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्याला तितकेच, असे ठरले. एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील इतके पाणी, साधारण १२ लाख ३३ हजार लिटर. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट देण्याचे कबूल झाले. ही वाटणी ज्या नोंदींच्या आधारे झाली त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या होत्या, आणि झाडांच्या खोडातील वार्षिक वलयांचा अभ्यास झाल्यावर पुढे कळले की ती वर्षे त्या खोऱ्याच्या कित्येक शतकांच्या इतिहासात अपवादात्मक ओली होती. म्हणजे नदी जेव्हा सणावाराला नटून बसली होती, नेमके तेव्हा तिचे छायाचित्र काढून तेच तिच्या ओळखपत्रावर चिकटवले गेले. २००० सालानंतर तिचा प्रवाह विसाव्या शतकातील सरासरीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिला आहे, आणि त्या घटीचा मोठा वाटा उष्णता वाढल्यामुळे आहे : तहानलेली हवा आणि तहानलेली माती नदीच्या आधी आपला हिस्सा उचलतात. ऑगस्ट २०२१ मध्ये लेक मीड या जलाशयासाठी इतिहासात प्रथमच अधिकृत तूट जाहीर करावी लागली. त्या जलाशयाची छायाचित्रे पाहिली तर काठच्या तपकिरी खडकांवर पाण्याने सोडलेल्या क्षारांचा पांढराशुभ्र पट्टा दिसतो. जुनी पाणीपातळी आणि आजची पातळी यांच्यामधले अंतर कोणीतरी चुन्याने रंगवून ठेवावे तसा तो दिसतो.

या करारातली चूक चुकीच्या सरासरीची होती, असे सहसा सांगितले जाते. मला ती चूक दुय्यम वाटते. सरासरी बरोबर असती तरी हक्क ठरावीक आकड्यात लिहून ठेवणे ही मुळातली चूक होती, कारण आकडा कागदावर स्थिर राहतो आणि नदी राहत नाही. ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्यात वेगळी पद्धत आहे. तेथे पाण्याचा हक्क म्हणजे उपलब्ध पाण्यातला वाटा. हंगामात जलाशयात किती पाणी आले ते पाहून हक्काच्या किती टक्के पाणी मिळेल ते जाहीर होते, पाणी वाढले तर टक्के वाढवले जातात, आणि दुष्काळात काही वर्गांतील हक्कदारांच्या वाट्याला चक्क शून्य टक्के येतात. १९९७ ते २००९ या प्रदीर्घ दुष्काळात तसे घडलेही. शिवाय हा वाटा विकता येतो, त्यामुळे त्या वर्षांत भाताची लागवड जवळपास थांबली आणि ते पाणी विकत घेऊन फळबागा जगवल्या गेल्या. भात पुढच्या वर्षी पेरता येतो, वाळलेली बाग पुन्हा उभी राहायला दशक लागते, हा हिशोब बाजाराने चोख केला.

ही पद्धत आदर्श म्हणून मिरवण्याजोगी आहे असे मात्र मला वाटत नाही. पाण्याचा बाजार मोजणीवर उभा असतो, आणि त्या खोऱ्याच्या उत्तर भागात कित्येक ठिकाणी मोजणीच धड नव्हती. बाजारात मासे बोली लावत नाहीत. २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या सुरुवातीला डार्लिंग नदीत मेनिंडी येथे लाखो मासे मरून तरंगले, तेव्हा नदीचा स्वतःचा वाटा कोणी राखायचा हा प्रश्न पुन्हा उघडा पडला. तरीही वाटा टक्क्यांत मोजावा हे तत्त्व मला पटते, कारण तूट आली की भांडण कोणाचा हक्क आधीचा यावरून सुरू न होता, सगळ्यांचा तोटा किती यावरून सुरू होते.

सरासरीचाच एक भाऊ धरणांच्या दप्तरात राहतो : दिनदर्शिका. पूर आणि टंचाई या दोन्हींसाठी एकच धरण वापरले जाते, आणि या दोन कामांच्या मागण्या परस्परविरोधी असतात. पुरासाठी जलाशय रिकामा हवा, टंचाईसाठी भरलेला. म्हणून कोणत्या तारखेला पातळी किती असावी याचे वेळापत्रक आखलेले असते, आणि धरण चालवणारे ते इमानेइतबारे पाळतात. कॅलिफोर्नियातील लेक मेंडोसिनो या जलाशयात २०१२ च्या डिसेंबरात जोरदार पाऊस झाला, वेळापत्रकानुसार पुरासाठी जागा मोकळी ठेवायची म्हणून पाणी सोडून दिले गेले, आणि नंतरचे २०१३ साल अत्यंत कोरडे गेले. आकाशात ढगाचा ठिपका नसताना, आणि पुढील आठवड्यातही पाऊस नसल्याचा अंदाज हाती असताना, केवळ तारीख सांगते म्हणून पाणी सोडायचे, हे त्या प्रसंगाने सर्वांच्या लक्षात आणून दिले. त्यानंतर तेथे हवामान अंदाजावर आधारित परिचालनाचा प्रयोग झाला : मोठे वादळ येण्याची चिन्हे दिसली तर आधीच पाणी सोडायचे, नसतील तर धरून ठेवायचे. २०२० च्या कोरड्या वर्षात त्यामुळे जलाशयात एरवीपेक्षा जवळपास एक-पंचमांश अधिक पाणी शिल्लक राहिले. नवी भिंत उभारली नाही, एक घनमीटर काँक्रीट ओतले नाही, कोणाचे गाव उठवले नाही. बदलले ते दप्तर. मला हे उदाहरण फार आवडते, आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही म्हणूनच ते फारसे कोणाला माहीत नसावे, अशी एक कडवट शंकाही मनात येते.

अर्थात, अंदाजावर विसंबण्याला मर्यादा आहेत. हिवाळी वादळे समुद्रावरून सरकत येताना चार-पाच दिवस आधी दिसतात. उन्हाळ्यात डोक्यावर अचानक फुटणाऱ्या ढगाचे तसे नाही. जेथे अंदाज कच्चा असतो तेथे ही पद्धत धोक्याची ठरू शकते.

जमिनीखालच्या साठ्याची गोष्ट दोन खांबांवरून सांगता येते. पहिला खांब कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यातला, मेंडोटा गावाजवळचा. विजेच्या एका खांबाशेजारी जोसेफ पोलंड नावाचे भूशास्त्रज्ञ उभे असलेले १९७७ मधले छायाचित्र प्रसिद्ध आहे. खांबावर तीन पाट्या लावल्या आहेत. त्यांच्या पायाशी १९७७, डोक्याच्या बऱ्याच वर १९५५, आणि खांबाच्या अगदी शेंड्याजवळ १९२५. त्या त्या वर्षी जमीन तेथे होती, असा त्या पाट्यांचा अर्थ. सिंचनासाठी भूजल उपसल्यामुळे बावन्न वर्षांत जमीन सुमारे ९ मीटर खाली बसली होती. विहिरीचे पाणी खोल गेले, पाऊस झाला की वर येईल, अशी आपली समजूत असते, आणि वाळू-खडीच्या थरांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे. पण चिकणमातीच्या थरांतले कण पाण्याच्या दाबावर एकमेकांपासून थोडे अंतर राखून असतात, आणि तो दाब गेला की वरच्या जमिनीच्या भाराने ते कायमचे चेपतात. नंतर कितीही पाऊस पडो, ती जागा पुन्हा उघडत नाही. पैसे संपणे वेगळे आणि पैशांची पेटीच मोडणे वेगळे. जकार्ता आणि मेक्सिको सिटी या महानगरांच्या खचण्यामागे मुख्यतः हेच कारण आहे, आणि जकार्तासारख्या किनाऱ्यावरच्या शहरात खचणारी जमीन व चढणारा समुद्र एकमेकांकडे चालत येतात.

याउलट, भूजलाचा साठा शाबूत असेल तर त्याच्याइतकी उत्तम जागा नाही. तेथे बाष्पीभवन नाही, गाळ साचत नाही, कोणाची जमीन बुडत नाही. कमतरता एकच, तो दिसत नाही. २००२ मध्ये सोडलेल्या 'ग्रेस' या जोड-उपग्रहांनी ही उणीव थोडी भरून काढली. एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर उडणारे हे दोन उपग्रह आपल्यामधले अंतर अतिशय सूक्ष्मपणे मोजत, आणि खालच्या पृथ्वीचे वस्तुमान जेथे बदलते तेथे ते अंतरही बदलत असे. पाणी उपसले की जमीन हलकी होते, आणि तो हलकेपणा आकाशातून वजन करून सांगता येतो, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. पण एवढ्या उंचीवरून दिसते ते मोठ्या प्रदेशाचे चित्र. एका विहिरीचा निर्णय करायचा असेल तर विहिरीत दोरीच सोडावी लागते. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजून ती सर्वांना दिसेल अशी मांडणे हे भूजल व्यवस्थापनातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

दुसरा खांब इंग्लंडमधला आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. केंब्रिजशायर परगण्यातील होम फेन या दलदलीच्या प्रदेशातले मोठे तळे १८५१ च्या सुमारास उपसून कोरडे केले गेले, आणि जमीन किती खचते हे पाहण्यासाठी एक ओतीव लोखंडी खांब वरचे टोक जमिनीशी समपातळीत राहील असा पुरण्यात आला. आज तो खांब जमिनीच्या वर सुमारे ४ मीटर उभा आहे. मेंडोटाला जमीन चेपली. येथे जमिनीचा मोठा भाग हवेत गेला. दलदलीतली ही जमीन म्हणजे हजारो वर्षे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, म्हणजे पीटचे, थर. पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, म्हणून कुजणे थांबते आणि कार्बन तेथेच पडून राहतो. पाणी काढून घेतले की हवा आत शिरते, सूक्ष्मजीव कामाला लागतात, आणि जमीन हळूहळू कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. जगाच्या भूभागापैकी फक्त ३ टक्के जागेवर पीट आहे, पण त्यात साठलेला कार्बन जगातील सर्व जंगलांमधील झाडाझुडपांच्या कार्बनपेक्षा जास्त आहे. कोरड्या केलेल्या पीटमधून होणारे उत्सर्जन मानवनिर्मित हरितगृह वायूंच्या सुमारे ४ ते ५ टक्के भरते. २०१५ मध्ये इंडोनेशियात चर खणून वाळवलेली अशी जमीन महिनोन्महिने धुमसत राहिली, तेव्हा आसपासच्या देशांचे आकाशही धुराने भरून गेले होते.

यावर उपाय काय, तर चर बुजवायचे आणि पाण्याची पातळी पुन्हा जमिनीच्या जवळ आणायची. पाण्याच्या व्यवस्थापनाने हवामानबदलाशी जुळवून घेता येते हे आपण नेहमी ऐकतो. त्याने उत्सर्जनच कमी करता येते, हे फारसे ऐकू येत नाही. पाणीपातळी काही सेंटिमीटर वर किंवा खाली असण्यावर वातावरणात किती कार्बन जाणार हे ठरते, इतका हा संबंध थेट आहे.

भातखाचरात मात्र हाच संबंध उलटा होतो, आणि तेथे तो अगदी हातात धरून पाहता येतो. पाणी साचलेल्या खाचरात प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. येथे पाणी कमी करणे फायद्याचे. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढे आणलेल्या पद्धतीत शेतात हातभर लांबीची, भोके पाडलेली एक नळी उभी पुरतात. प्लास्टिकची चालते, बांबूची चालते. आतली माती काढून टाकली की नळीत डोकावून जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते दिसते. साचलेले पाणी जिरू द्यायचे, ते जमिनीच्या पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी द्यायचे, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र पाणी तुटू द्यायचे नाही. तेवढ्या खोलीपर्यंत मुळे पाणी ओढू शकतात, त्यामुळे उत्पन्न घटत नाही. मिथेन मात्र जवळपास निम्म्यावर येऊ शकतो आणि पाण्याचीही चांगलीच बचत होते. नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, पण त्याने झालेल्या लाभावर पाणी पडत नाही. अडचण निराळीच आहे. ज्या शेतकऱ्याला कालव्याचे पाणी पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही तो मिळेल तेव्हा खाचर तुडुंब भरून घेणारच, आणि त्याने तसे केले तर त्याला दोष देता येत नाही. नळी स्वस्त असते. कालव्याच्या पाळीवरचा विश्वास तेवढ्या स्वस्तात येत नाही.

जगातील गोड्या पाण्याच्या उपशापैकी सुमारे ७० टक्के शेतीकडे जाते, म्हणून बचतीची चर्चा शेतीपाशी येऊन थांबते आणि तिचे उत्तर ठिबक सिंचन असे ठरून गेलेले असते. ठिबकचा मी विरोधक नाही. पण मराठीत 'पाणी कुठे मुरते' हा जो संशयखोर प्रश्न आहे, तो येथे अक्षरशः विचारायला हवा. पाटाने दिलेल्या पाण्यातले जे पिकाला मिळाले नाही ते सगळे वाया गेले असे आपण धरतो, प्रत्यक्षात त्यातले बरेचसे जमिनीत मुरून खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत किंवा ओढ्यात निघालेले असते. ठिबकने ते मुरणे थांबते. वरच्या शेतकऱ्याने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले, तर त्याच्या शेताची कार्यक्षमता वाढलेली दिसते, पण खोऱ्यातून बाष्प होऊन उडणारे एकूण पाणी वाढते आणि खालच्याची विहीर आटते. खोऱ्यातले पाणी खऱ्या अर्थाने वाचते ते बाष्पीभवन कमी झाले तर, समुद्राकडे किंवा खारट थरात निघालेले पाणी अडले तर, किंवा ठिबकबरोबरच एकूण उपशाला मर्यादा घातली तर. अनुदान यंत्राला मिळते आणि मर्यादा कोणी घालत नाही, तेव्हा पाणी कुठे मुरते याचे उत्तर ते मुरतच नाही, असे येते.

शहरांच्या वाट्याला पाणी थोडे जाते, पण तेथील चूक लगेच दिसते. तीन वर्षांच्या दुष्काळानंतर २०१८ च्या सुरुवातीला केप टाउनमधील नळ बंद करण्याचा दिवस मोजला जात होता. धरणांतील साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरगुती पुरवठा थांबवून माणशी २५ लिटर पाणी रांगेत द्यायचे, असे ठरले होते. फेब्रुवारीपासून माणशी ५० लिटरची मर्यादा लागू झाली, शेतीचा वाटा तोडला गेला, आणि २०१५ मध्ये दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर असलेला शहराचा वापर ५० कोटींच्या आसपास उतरला. तो दिवस आला नाही. वर्षानुवर्षे वापर कमी होणारच नाही असे सांगितले जाते तो किती खाली येऊ शकतो, हे त्यातून कळले; आणि भीती हे व्यवस्थापनाचे साधन म्हणून फक्त एकदाच वापरता येते, हेही मला त्यातून कळले.

त्याहून मला विंडहुक अधिक शिकवून जाते. नामिबियाच्या या राजधानीत १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. जगात हे प्रथम तेथे झाले. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या शहरासमोर दुसरा मार्ग नव्हता, त्यामुळे किळस वाटण्याची चैन परवडणारी नव्हती. सिंगापूरने २००३ पासून शुद्ध केलेल्या सांडपाण्याला वेगळे नाव देऊन, बाटल्यांतून वाटून लोकांची मने आधी वळवली. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने २००८ पासून असे पाणी भूगर्भात सोडायला सुरुवात केली, आता दिवसाला सुमारे ४९ कोटी लिटर, आणि त्यातील काही किनाऱ्यालगतच्या विहिरींतून दाबाने सोडून समुद्राचे खारे पाणी आत शिरण्यापासून रोखले जाते. सांडपाणी हा एकच साठा असा आहे की जो दुष्काळात आटत नाही, कारण माणसे आहेत तोवर तो भरतच राहतो. समुद्राचे पाणी गोडे करायला दर हजार लिटरमागे ३ ते ४ युनिट वीज लागते, सांडपाण्याला त्याहून बरीच कमी. आणि ती वीज कोळशाची असेल तर हा फरक हवामानाच्या हिशोबात धरावाच लागतो.

शहरातील पुराविषयी एवढेच सांगतो की कोपनहेगनने २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर गटारे मोठी करण्यावर भर न देता रस्ते, बागा आणि मैदाने ठरवून काही तास पाण्याखाली जातील अशी रचना केली, आणि ते शहाणपणाचे होते. पण अशा रचनेला जादू समजू नये. चीनमधील झेंगझोऊ शहराने पाणी शोषून घेणाऱ्या नगररचनेवर मोठा खर्च केला होता, तरी २० जुलै २०२१ रोजी तेथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भुयारी रेल्वेत माणसे बुडाली. माझ्या गच्चीवरच्या नळीत इतके पाणी मावतसुद्धा नाही.

राहिली ती माती. जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी साधारण ६० टक्के पाणी नदीत किंवा भूजलात जातच नाही. ते मातीत थांबते आणि तेथून झाडांवाटे व पृष्ठभागावरून परत हवेत जाते. स्वीडिश जलशास्त्रज्ञ मालिन फाल्कनमार्क यांनी त्याला 'हिरवे पाणी' म्हटले, नद्या-तलावांतल्या 'निळ्या पाण्या'पासून वेगळे ओळखण्यासाठी. आपली सगळी जलखाती, सगळे तंटे, सगळे करार निळ्या पाण्याचे आहेत. जगातील बहुतेक शेती मात्र निव्वळ पावसावर, म्हणजे हिरव्या पाण्यावर चालते, आणि दोन पावसांमधली खिंडारे रुंदावत असताना ती तगणार की नाही हे माती ओल किती दिवस धरते यावर ठरते. त्या ओलीची मोजणी कोणत्याही धरणाच्या फलकावर लिहिलेली नसते.

म्हणून यंदा मी वहीत एक नवा रकाना आखला आहे. अंगणात शेजारी-शेजारी दोन वाफे आहेत, माती एकच, एक उघडा ठेवला आहे आणि दुसऱ्यावर वाळल्या पानांचे चार बोटे जाडीचे आच्छादन पसरले आहे. पाऊस थांबल्यावर रोज सकाळी खुरप्याने वीतभर खोल उकरायचे, मूठभर माती दाबून पाहायची, आणि तिचा गोळा होतो की ती भुरभुरते एवढेच लिहायचे. गेल्या पावसानंतर उघड्या वाफ्यातील माती सहाव्या दिवशी बोटांतून निसटली. दुसऱ्या वाफ्यापुढे आज अकराव्या दिवशीही 'गोळा होतो' असे लिहिले आहे.